गल्ल्याची पेटी आणि खिशातला फोन : कापडबाजार कोठे चालला आहे?

मालेगावात गुरुवारची संध्याकाळ म्हणजे पगाराची संध्याकाळ. शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून आठवड्याचा हिशोब गुरुवारीच पुरा करावा लागतो. आमच्या वडिलांच्या काळी या वेळी पेढीवर नोटा मोजल्याचा आवाज येत असे. मुनीम बोटाला थुंकी लावून मोजत, समोर कारागीर उकिडवे बसलेले, आणि वहीत प्रत्येकाच्या नावापुढे उचल, बाकी आणि मजुरी उर्दू अक्षरांत उतरत असे. आता गुरुवार तोच, कारागीर तेच, किंबहुना त्यांची मुले. पण नोटांच्या जागी फोनची टिणटिण ऐकू येते. आमचा धाकटा मुलगा गादीवर बसल्या बसल्या अंगठ्याने बावीस माणसांचा पगार वीस मिनिटांत वाटतो. बारा मागांचा कारखाना आणि मजुरीवर कापड विणून देणारे आठ-दहा कारखानदार, एवढाच आमचा पसारा आहे.

या पानावर लिहिण्याचे कारण असे की आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांत या बदलाविषयी दोनच मते ऐकू येतात. एक मत म्हणते, हा सारा फास आहे, रोख ती रोख, फोनला हात लावू नका. दुसरे मत म्हणते, आता फोनवर सारे होते, अक्कल वापरण्याची गरजच उरली नाही. आम्हाला दोन्ही मते अर्धवट वाटतात. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, संगणक आम्ही चाळिशीनंतर पाहिला आणि इंग्रजीतला कागद आजही मुलाकडून वाचून घेतो. तेव्हा आम्ही काही तज्ज्ञ नव्हे. पण तीस वर्षे कापड घेतले आणि विकले, आणि गेल्या आठ-नऊ वर्षांत या नव्या पद्धतीने आम्हाला फायदाही दिला आणि एकदा चांगली थप्पडही दिली. ती हकीकत पुढे येईलच.

संगणकाचे आजोबा मागावरच बसले होते

आधी एक गोष्ट विणकर बांधवांनी ध्यानात घ्यावी. संगणक ही परक्याची वस्तू आहे, आपल्याला काय कळणार, असा न्यूनगंड आमच्या मोहल्ल्यात फार आहे. वस्तुतः संगणकाची कल्पना ज्या वस्तूवरून सुचली, ती वस्तू विणकराचीच. १८०४ साली फ्रान्समधल्या लियों शहरात जोसेफ मारी जाकार नावाच्या माणसाने मागावर बसवायचे असे साधन तयार केले, की भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून नक्षी आपोआप उतरावी. ज्याला आपण जॅकार्ड म्हणतो ते हेच. पत्त्याला भोक असेल तर सुई आत शिरते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. एका पत्त्याला बाण्याचा एक धागा. भोक आहे किंवा नाही, यापलीकडे तिसरी भाषा त्या यंत्राला येत नाही. आजचा संगणकही आतून हीच भाषा बोलतो, फक्त भोकाऐवजी वीज.

इंग्लंडचा गणिती चार्ल्स बॅबेज याने हिशोब करणाऱ्या यंत्राचा आराखडा केला, तेव्हा पत्त्यांची कल्पना त्याने जाकारच्या मागावरून उचलली. जाकारचे रेशमात विणलेले एक चित्र त्याच्या घरी होते आणि ते विणायला सुमारे २४ हजार पत्ते लागले होते. पुढे १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ याने भोके पाडलेल्या पत्त्यांवर माणसे मोजली. त्याची कंपनी इतर कंपन्यांत मिसळून जी मोठी कंपनी झाली, तिलाच १९२४ पासून आयबीएम हे नाव आहे. आणि मग वर्तुळ पुरे झाले. १९८३ साली मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास या कंपनीने विजेवर चालणारे जॅकार्ड मांडले आणि पुठ्ठ्याचे पत्ते जाऊन नक्षी संगणकातून थेट मागावर आली. तेव्हा ज्याच्या बापदादांनी पत्ते ओवले, त्याने फोनला भिण्याचे कारण नाही. भ्यायचेच असेल तर वेगळ्या गोष्टींना भ्यावे.

पैसा फोनमध्ये नसतो

२०१६ च्या एप्रिलमध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय सुरू केले आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली. त्या हिवाळ्यात आमच्या गावातले माग कसे थंड पडले होते, ते कोणी विसरलेले नाही. सूत घ्यायला रोख नाही, मजुरी द्यायला रोख नाही, आणि कारागिरांपैकी कित्येकांना बँकेचे खातेच नव्हते. यूपीआयने तेव्हा आम्हाला वाचवले असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. तेव्हा आम्हाला उधारीने आणि ओळखीने वाचवले. यूपीआय आमच्या बाजारात खऱ्या अर्थाने शिरले ते दोन-तीन वर्षांनी, आणि करोनाच्या टाळेबंदीनंतर तर पानवाल्यापर्यंत पोहोचले. देशभरात २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात पहिल्यांदा एक हजार कोटींहून अधिक व्यवहार यावर झाले. दोन वर्षांनी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, तोच आकडा दोन हजार कोटींवर गेला.

पण हे चालते कसे, हे वापरणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना सांगता येत नाही, आणि फसवणूक तिथेच होते. पैसा फोनमध्ये नसतो. पैसा बँकेतच असतो. फोन ही फक्त चिठ्ठी आहे. जुन्या काळी आडत्याच्या नावाने चिठ्ठी लिहून देत, तशी फोन आपल्या बँकेला चिठ्ठी देतो की अमक्याला इतके द्या, आणि पिन म्हणजे त्या चिठ्ठीखालची सही. सही कोण करतो? देणारा. घेणारा कधी सही करत नाही. एवढे एक वाक्य ज्याला पाठ झाले, त्याची निम्मी फसवणूक टळली. फोनवर कोणी म्हणाले की तुमचे पैसे पाठवतो, पिन टाका, तर समजावे की तो पाठवत नाही, काढतो आहे. पूर्वी एक माणूस दुसऱ्याला फोनवरून पैशाची मागणी धाडू शकत असे आणि भोळे लोक तीच मंजूर करून बसत. ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसामाणसांतल्या व्यवहारांसाठी बंद झाली, पण फसवणारा नवी वाट काढतोच.

दुकानाबाहेर चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकटीचेही तसेच. हा क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा या अभियंत्याच्या चमूने मोटारींचे सुटे भाग मोजण्यासाठी काढला. आम्ही तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हाला नक्षीचा ग्राफ कागद आठवला. तसेच चौकोन, तसेच भरलेले आणि रिकामे घर. फरक इतकाच, की ग्राफवरची नक्षी कारागीर डोळ्यांनी वाचतो आणि ही चौकट माणसाला वाचता येत नाही. म्हणूनच रात्री कोणी तिच्यावर दुसरी चौकट चिकटवून गेला, तर सकाळभर गिऱ्हाईक पैसे देत राहते आणि ते भलत्याच खात्यात जात राहतात. दुकान उघडताना झाडू मारतो, तसेच चौकटीवरून बोट फिरवून पाहावे, आणि एक रुपया स्वतः पाठवून नाव कोणाचे येते ते बघावे. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या फोनच्या चित्रावर तर मुळीच विश्वास ठेवू नये. तसली खोटी चित्रे दाखवणारी ॲप मिळतात. आपल्या खात्यात जमा दिसले, तरच माल हातात द्यावा. गिऱ्हाईक ओळखीचे असले तर थोडे अवघड वाटते, हे मान्य. पण अवघड वाटणे स्वस्त पडते.

आमची थप्पड

आता आमची स्वतःची चूक सांगतो.

२०२४ च्या जूनमध्ये परराज्यातल्या एका नव्या गिऱ्हाइकाचा फोन आला. माल साधाच, कोरे सुती कापड, रक्कम ६३ हजार दोनशे. ओळख एका दलालामार्फत. आम्ही नमुना पाठवला, भाव ठरला, पैसे आगाऊ आले. दोन हप्त्यांत आले, आणि ज्या नावाने बिल फाडले त्या नावाने न येता तिसऱ्याच नावाने आले. मुलाने विचारले, अब्बा, नाव वेगळे दिसते. आम्ही म्हणालो, भाऊ असेल, मेहुणा असेल, आपल्याला काय, पैसा आला ना! व्यापारात अशी पद्धत जुनीच आहे. एकाचे देणे दुसरा भागवतो. आम्ही ई-वे बिल काढले, माल ट्रान्सपोर्टला दिला, बिल्टी पाठवली, आणि विसरून गेलो.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी दुपारी मुलगा पगार वाटायला बसला आणि एकही पैसा जाईना. बँकेत गेलो. तिथे सांगण्यात आले की खाते गोठवले आहे, दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांचा आदेश आहे, आमच्या हातात काही नाही. कोणत्या गुन्ह्यात, किती रकमेसाठी, कोणाला भेटायचे, हे कळायलाच नऊ दिवस गेले. शाखेतला प्रत्येक जण पुढच्या टेबलाकडे बोट दाखवी. खात्यात चार लाखांच्या वर रक्कम होती, सुताच्या व्यापाऱ्याला दिलेले दोन चेक वाटेत होते, आणि बाहेर बावीस माणसे पगाराची वाट पाहत बसली होती.

झाले होते असे. एका वृद्ध गृहस्थाला पोलीस असल्याची बतावणी करून कोणी फोन केला, तुमच्या नावावर गुन्हा आहे म्हणून घाबरवले आणि त्यांच्या आयुष्याच्या पुंजीतून मोठी रक्कम काढून घेतली. यालाच लोक डिजिटल अटक म्हणतात. अशी अटक कायद्यात कोठेही नाही, हे पंतप्रधानांनीही २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रेडिओवरून सांगितले. तो पैसा चोरांनी एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात फिरवला आणि त्यातला एक तुकडा कापड घेऊन आमच्याकडे वळवला. कापड विकून त्यांना रोख मिळाली, आणि चोरीचा पैसा बसला आमच्या खात्यात.

गृहस्थाच्या घरच्यांनी १९३० या नंबरवर तक्रार केली. ही तक्रार नोंदली गेली की पैसा जिथून जिथून गेला, त्या प्रत्येक बँकेला खबर जाते आणि वाटेतली खाती थांबवली जातात. व्यवस्था मुळात चांगलीच आहे. लुटल्या गेलेल्या माणसाला पैसा परत मिळण्याचा दुसरा मार्ग नाही, आणि जितक्या लवकर फोन कराल तितका पैसा वाचण्याची आशा अधिक. आपल्यापैकी कोणाला असा प्रसंग आला तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला १९३० लावावा. आमची तक्रार व्यवस्थेविषयी नाही. तक्रार अशी, की ६३ हजारांच्या वादासाठी चार लाखांना कुलूप का? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात बँकांना हेच सांगितले होते, की पोलिसांनी जेवढी रक्कम कळवली आहे, रोख तेवढ्यापुरतीच ठेवावी. पण निकाल कागदावर राहतो आणि काउंटरवरचा माणूस सोपे ते करतो.

आम्हाला वाचवले ते कागदांनी. बिल, ई-वे बिल, बिल्टी, दलालाशी झालेले फोनवरचे लेखी बोलणे, नमुन्याचा फोटो, जीएसटीचे त्या महिन्याचे विवरण. हे सारे एका वकिलाकडून इंग्रजीत अर्ज लिहून पोलिसांना ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने धाडले, प्रत बँकेला दिली. एक्कावन्न दिवसांनी खाते खुले झाले आणि ६३ हजार दोनशे एवढीच रक्कम अडकून राहिली. पुढे कित्येक महिन्यांनी तिथल्या न्यायालयाच्या आदेशाने ती त्या वृद्ध गृहस्थांना मिळाली. वकील म्हणाले, लढा, माल तुमचा गेला आहे, तुमचाही हक्क आहे. आम्ही वकिलाची फी आणि रेल्वेचे भाडे मोजले आणि गप्प बसलो. यात आमची पुण्याई काही नाही. म्हातारबाबांचा पैसा त्यांना पोहोचला याचे बरे वाटले, आणि ६३ हजार गेले याचे वाईटही वाटले. खोटे कशाला बोला.

त्या एक्कावन्न दिवसांत पगार कसा झाला? बाजारातल्या तीन व्यापाऱ्यांनी रोख आणून दिली. एकाने तर मोजलीही नाही. व्याजाचा प्रश्नच नव्हता. वहीच्या पानावर रक्कम, तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या, बस्स. ज्या पद्धतीला आमचा मुलगा मागासलेली म्हणत असे, त्याच पद्धतीने त्याचे माग चालू राहिले. त्याच काळात फोनवर झटपट कर्ज देणाऱ्यांचे निरोपही रोज येत होते. पाच मिनिटांत दोन लाख, कागद नको, जामीन नको. व्याज किती, ते मात्र अशा बारीक अक्षरांत की भिंग लागावे. व्याज न घेणाऱ्या माणसाला त्यातून दूर राहणे सोपे, पण अडचणीच्या रात्री बोट कोठे पडेल सांगता येत नाही. आम्ही ते निरोप वाचले होते, हे कबूल करतो.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. बिल ज्या नावाने, पैसा त्याच नावाच्या खात्यातून. दुसऱ्या नावाने आला तर माल थांबवतो आणि पैसा आला त्याच खात्यात परत करतो. वसुलीचे खाते वेगळे आणि पगाराचे वेगळे, तेही वेगळ्या बँकेत. आणि नव्या गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून नाव-पत्ता पाहतो. याला पैसे पडत नाहीत आणि दोन मिनिटे लागतात. यामुळे दोन-चार सौदे हातचे गेले. जाऊ द्या.

आता सारे दिसते

याच अनुषंगाने आणखी एक बाब. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला, २०१८ च्या एप्रिलपासून परराज्यात ५० हजारांच्या वर माल धाडायला ई-वे बिल लागू लागले, आणि २०२३ च्या १ ऑगस्टपासून ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्याला बिलही सरकारी यंत्रणेतून क्रमांक घेऊन काढावे लागते. माल, पैसा आणि कागद या तिन्हींच्या पाऊलखुणा उमटत राहतात आणि त्या जुळवून पाहायला आता मुनीम लागत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये बंगळुरूच्या लहान दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून कराच्या नोटिसा गेल्या आणि कित्येकांनी चौकटी काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. आमच्याही बाजारात तेव्हा हीच कुजबुज सुरू झाली. पण पाटी लावून मागचे आकडे पुसले जात नाहीत. दुकानाच्या खात्यात बहिणीच्या लग्नाचे, बिसीचे, भावाने परदेशातून पाठवलेले पैसे मिसळले की ते सारे विक्री म्हणून दिसते, आणि मग समजावत बसावे लागते. घरचा पैसा आणि दुकानाचा पैसा वेगळा ठेवा, हे वडीलधारे सांगत आलेच होते. तेव्हा ऐकले नाही तरी चालून जात होते.

रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपयाही २०२२ च्या १ डिसेंबरपासून मुंबईसह चार शहरांत सामान्यांसाठी चाचणी म्हणून सुरू झाला. तो बँकेतल्या ठेवीसारखा नसून नोटेसारखा आहे. फोनमधल्या पाकिटात राहतो आणि त्यावर व्याज मिळत नाही. आमच्या बाजारात तो अजून आम्ही कोणाच्या हाती पाहिलेला नाही.

कातिब गेले, आता नक्शबंद?

पैशाचे झाले, आता हुनराचे. गेल्या वर्षी एक दुकानदारीण बाई फोनवर साडीचे चित्र घेऊन आल्या. रंग असा की नजर ठरेना, काठावर मोर, पदरावर वेली, आणि नेसलेली मुलगी तर परीच. अशाच पन्नास साड्या द्या म्हणाल्या. आम्ही आमच्या ओळखीच्या येवल्याच्या एका जुन्या नक्षीकाराला ते चित्र दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, यात डाव्या बाजूची वेल उजवीकडे जाताना हरवली आहे, मोराच्या एका पायाला चार बोटे आणि दुसऱ्याला सहा, आणि हा धागा ताण्याचा की बाण्याचा ते चित्र काढणाऱ्याला ठाऊक नाही. चित्र काढणारा कोणी नव्हताच. ते यंत्राने काढले होते. २०२२ पासून अशी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. शब्द लिहा, चित्र घ्या. कापड नाही, माग नाही, मुलगीही नाही.

बाईंचा काही दोष नव्हता. त्यांनी आगाऊ घेऊन ठेवले होते आणि गिऱ्हाइकांना तेच चित्र दाखवले होते. आम्ही नाही म्हणालो. पण हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही. आज मोराच्या बोटांत चूक होते, उद्या होणार नाही. सुरतेत तर कापडावर थेट संगणकातून छपाई करणारी यंत्रे आहेत. तिथे चित्र विणता येते की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही, छापले की झाले.

आम्हा उर्दूवाल्यांनी हे एकदा पाहिले आहे. आमच्या लहानपणी उर्दू वृत्तपत्रे हाताने लिहिली जात. कातिब बोरू घेऊन बसत आणि एकेक ओळ मोत्यासारखी उतरवत. लोक म्हणत, नस्तालीक यंत्राला जमणार नाही, तिची वळणे अशी की अक्षर शेजाऱ्याला पाहून आकार बदलते. १९८१ साली लाहोरमध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने वृत्तपत्र निघाले आणि १९९४ च्या सुमारास दिल्लीच्या कंपनीचे इनपेज आले. दहा-पंधरा वर्षांत कातिबांच्या जागा संपल्या. आमच्या ओळखीचे एक कातिब पुढे लग्नपत्रिका लिहीत, मग पाट्या रंगवू लागले. मात्र ज्या दोन-चार तरुण कातिबांनी संगणक लवकर शिकून घेतला, त्यांना छापखान्यांनी चांगला पगार देऊन नेले, कारण अक्षर कोठे चुकले ते ओळखणारी नजर त्यांच्याकडे होती आणि यंत्र विकणाऱ्याकडे नव्हती. जुन्या उस्तादांना कोणी शिकवायला गेले नाही, हे मात्र आम्हाला सलते.

येवल्याच्या त्या नक्षीकारांच्या नातवाला आम्ही म्हटले, तू संगणकावर नक्षी शीक आणि दादाजींना शेजारी बसव. यंत्राने शंभर चित्रे काढावीत, त्यांतले कोणते मागावर उतरेल ते दादाजींनी सांगावे. मुलगा हो म्हणाला. दादाजी म्हणाले, माझ्या बोलण्याचे पैसे कोण देणार? त्यांना उत्तर देता आले नाही. चित्राला भाव आहे, विणण्याला भाव आहे, आणि 'हे होणार नाही' असे सांगणाऱ्या नजरेला आमच्या धंद्याच्या हिशोबात रकानाच नाही.

फोन कोणाच्या हाती?

शेवटी पुन्हा गुरुवारवर येतो. आमच्या कारखान्यासाठी घरी बसून कांड्या भरणाऱ्या पाच बायका आहेत. त्यांची मजुरी थोडी, पण घरात तिचा आधार मोठा. पगार फोनवरून देऊ लागलो तेव्हा मुलाने त्यांचेही नंबर मागितले. पाचांपैकी चारजणींनी जो नंबर दिला तो नवऱ्याचा किंवा मुलाचा होता. रोख देत होतो तेव्हा पैसा त्यांच्या पदराच्या गाठीत जात होता. फोनवर देऊ लागलो आणि तो त्यांना न दिसताच दुसऱ्याच्या हाती गेला. हे आम्हाला पाच महिने कळलेही नाही. एक दिवस त्यांच्यातली वयाने मोठी बाई पेढीच्या पायरीशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, सेठ, माझी मजुरी बंद केली का?

त्या दिवसापासून या पाचजणींना आम्ही पुन्हा रोख देतो. मुलाने दोघींची पोस्टात खाती काढून दिली आहेत आणि आमची सून त्यांना फोनवर आकडे वाचायला शिकवते. मोठ्या बाईने मात्र साफ नाही म्हटले. ती गुरुवारी असरनंतर येते, नोटा दोनदा मोजते, एक नोट जुनी असेल तर बदलून मागते, आणि मग जाते.